क्लब गेला, कंपनी गेली. उरली मेलबर्नची हॅट्ट्रिक

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिम्पिक पार्क मैदानावर मुंबईच्या एका २४ वर्षांच्या तरुणाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत धडक मारली. आशिया खंडातील कोणत्याही देशाला तोवर ही मजल गाठता आली नव्हती. त्या तरुणाचे नाव नेव्हिल डिसूझा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून त्यांच्या नावाची नोंद झाली. भारतापुरते बोलायचे तर तो विक्रम आजही अबाधित आहे, कारण १९६० च्या रोम स्पर्धेनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकला पात्रच ठरलेला नाही.

एवढा मोठा खेळाडू ज्या शहरात खेळला, त्या शहरात त्यांची आठवण किती उरली आहे, हा प्रश्न मात्र अवघडच म्हणावा लागेल. ज्या क्लबांची जर्सी त्यांनी घातली ते क्लब आता फुटबॉलच्या नकाशावर नाहीत. त्यांपैकी एका क्लबची तर मूळ कंपनीच भारतातून नाहीशी झाली. ज्या स्पर्धेने मुंबईच्या फुटबॉलला नाव मिळवून दिले, तीही बंद पडली. नेव्हिल यांचे चरित्र सांगायचे तर ते एका माणसाचे राहत नाही. मुंबईतील क्लब फुटबॉलचा उदय आणि अस्त त्यात आपोआप येतो.

नेव्हिल स्टीफन डिसूझा यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा. घराणे मूळ गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आसगावचे. या आसगावच्या शेजारीच शिवोली हे गाव आहे. गोव्यात फुटबॉल आला तो याच शिवोलीत. १८८३ मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक ब्रिटिश धर्मगुरू प्रकृतिस्वास्थ्यासाठी येथे येऊन राहिले आणि त्यांनी गावातील मुलांच्या पायात चेंडू दिला, असा इतिहास सांगितला जातो. पुढे चर्चसमोरच्या मोकळ्या जागा आणि भातकापणीनंतरची शेते हीच बार्देशातील मुलांची मैदाने झाली. पोर्तुगीज राजवटीतील या प्रदेशाला ब्रिटिश खेळाचे वेड लागावे, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोगच होय.

त्या काळी गोव्यात पोटापाण्याची साधने तुटपुंजी होती. बार्देशातील घराघरांतून माणसे मुंबईला निघत. कोणी जहाजावर खलाशी होई, कोणी स्वयंपाकी, कोणी बँडमध्ये वाद्य वाजवी, कोणी कचेरीत कारकुनी करी. धोबी तलाव परिसरात गावागावाच्या नावाने चालणारे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक निवासाचे क्लब, उभे राहिले. शहरात नवा आलेला माणूस प्रथम आपल्या गावच्या कुडात उतरे. या माणसांबरोबर फुटबॉलही मुंबईत आला आणि येथे आधीपासून हा खेळ खेळणाऱ्या ब्रिटिश पलटणी, अँग्लो-इंडियन आणि ईस्ट इंडियन वस्त्या यांच्यात मिसळून गेला. डिसूझा कुटुंबात तर हा खेळ चांगलाच रुजला होता. नेव्हिल यांचे बंधू डेरेक हेही नावाजलेले फुटबॉलपटू होते.

मुंबईच्या फुटबॉलचे केंद्र तेव्हाही आणि पुढे कित्येक दशके कूपरेज हेच होते. ओव्हल मैदानाच्या टोकाला असलेल्या या जागेचे नाव पिंपे तयार करणाऱ्या कारागिरांवरून पडले. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली. ड्युरँड आणि आयएफए शिल्ड यांच्या बरोबरीने देशातील तीन मानाच्या स्पर्धांत तिची गणना होई. पहिली साडेचार दशके या चषकावर ब्रिटिश पलटणींचीच मक्तेदारी होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती प्रथम मोडली. स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. पलटणी मायदेशी परतल्या आणि त्यांची जागा कंपन्यांच्या संघांनी घेतली.

मुंबईतील या कंपनी फुटबॉलची रीत आजच्या वाचकाला थोडी समजावून सांगावी लागेल. खेळाडूला खेळाचा म्हणून पगार नसे. तो कंपनीच्या हजेरीपटावर कर्मचारी असे. सकाळी टेबलावर बसे, दुपारनंतर त्याला सरावासाठी मोकळीक मिळे. चांगला आघाडीपटू दिसला की कंपन्या त्याला नोकरी देऊ करीत. महिन्याचा पगार, भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तीपर्यंतची शाश्वती या गोष्टी त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला गोलांपेक्षा मोलाच्या वाटत आणि त्यात वावगे काहीच नव्हते. नियमांच्या कागदावर हे सर्व खेळाडू हौशी ठरत. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता, त्यामुळे ही व्यवस्था सर्वांच्याच सोयीची होती. पूर्व युरोपातील देशांचे खेळाडू सैन्यात किंवा सरकारी खात्यात नावापुरते नोकर असत आणि दिवसभर सराव करीत. आपल्याकडचे खेळाडू मात्र खरोखरीच कचेरीत काम करीत, हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागले आणि पुढे कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघात गेले. त्यांची जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे आघाडीच्या फळीतील अगदी मधली. त्या काळी पाच आघाडीपटू खेळविण्याची पद्धत होती आणि गोल करण्याची पहिली जबाबदारी या मधल्या खेळाडूवर असे. मुंबई राज्याच्या संघाचेही ते मोहरे होते. मुंबईने १९५४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाचा संतोष करंडक प्रथमच जिंकला आणि बंगालच्या वर्चस्वाला धक्का दिला, तो हाच काळ.

गोव्याच्या दृष्टीने मात्र हा काळ फार तणावाचा होता. ऑगस्ट १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी संबंध तोडले आणि सीमा बंद झाल्या. मुंबईतील हजारो गोवेकरांना गावी जाणे दुरापास्त झाले. म्हणजे १९५६ मध्ये नेव्हिल भारताची जर्सी घालून मेलबर्नला निघाले, तेव्हा त्यांचे पूर्वजांचे गाव परक्या राजवटीखाली होते. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी.

मेलबर्नची कहाणी हेलसिंकीपासून सुरू करावी लागते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताला युगोस्लाव्हियाने १०-१ असे चिरडले होते. आपले अनेक खेळाडू त्या गारठ्यात आणि ओल्या मैदानावर अनवाणी खेळले होते. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अनवाणी भारतीयांनी फ्रान्सला १-२ असे झुंजविले होते, त्याचे मोठे कौतुक झाले होते. हेलसिंकीने ते कौतुक एका दिवसात संपविले. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. ज्यांची सारी कारकीर्द उघड्या पायांनी घडली होती, त्या पिढीसाठी हा बदल सोपा नव्हता. नेव्हिल यांच्या पिढीला मात्र बूट घालूनच देशासाठी खेळायचे होते.

दुसरा बदल प्रशिक्षकाचा होता. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकून मुंबईकरांना चकित केले होते. कूपरेजवर हे सामने पाहणाऱ्यांना चेंडू पायात न ठेवता झटपट पुढे देण्याचा तो खेळ नवा होता. रहीम यांनी राष्ट्रीय संघालाही तीच शिस्त लावली. युरोपात बदलत चाललेल्या रचनांचा त्यांचा अभ्यास होता. एकाच खेळाडूने चेंडू घेऊन धावण्याची हौस त्यांना मान्य नसे. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळविले होते आणि मेलबर्नसाठी त्यांनी तरुण संघ बांधला. मोहन बागानचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार, उजव्या बगलेवर २० वर्षांचे पी. के. बॅनर्जी, गोलमध्ये उंचपुरे पीटर थंगराज, त्यांना पर्याय म्हणून मुंबईचेच एस. एस. नारायण, हैदराबादचे अझीझ, लतीफ, नूर महंमद, तुलसीदास बलराम आणि आघाडीच्या मध्यावर नेव्हिल.

या स्पर्धेत फुटबॉलचे अवघे ११ संघ उतरले होते. ऑस्ट्रेलियाचे अंतर, प्रवासाचा खर्च आणि त्या वर्षीचे जागतिक राजकारण यामुळे अनेक देशांनी माघार घेतली होती. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी पडणार होती. हंगेरी हा १९५२ चा सुवर्णपदक विजेता. परंतु बुडापेस्टमधील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला आणि हंगेरीचा फुटबॉल संघ मेलबर्नला आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. या नशिबाचा उल्लेख टाळून मेलबर्नचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण त्यापुढचे जे झाले, ते नशिबाने झाले नाही.

उपांत्यपूर्व फेरीतील प्रतिस्पर्धी ऑस्ट्रेलियाने जपानला २-० असे हरविले होते. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक आणि शरीरयष्टीने भरभक्कम खेळाडू असा सारा जामानिमा त्यांच्या बाजूला होता. नवव्याच मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. १७ व्या मिनिटाला ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला पुन्हा पुढे नेले. ४१ व्या मिनिटाला मॉरो यांनीच दुसऱ्यांदा उत्तर दिले. मध्यंतराला २-२. दोन संघांतील दोन माणसांमध्येच जणू हा सामना चालला होता. उत्तरार्धाच्या सुरुवातीला, ५० व्या मिनिटाला, नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि या वेळी मॉरो यांच्याकडे उत्तर नव्हते. ८० व्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल करून निकालावर शिक्कामोर्तब केले.

आकडे वाचताना एक गोष्ट सहज निसटते. ऑस्ट्रेलियाने दोनदा बरोबरी केली आणि दोन्ही वेळा पुन्हा आघाडी मिळवून देणारा खेळाडू एकच होता. सोप्या प्रतिस्पर्ध्यावर पाच-सहा गोलांच्या पावसात झालेली ही हॅट्ट्रिक नव्हती. तिच्यातील प्रत्येक गोलाने सामन्याची दिशा बदलली. हॅट्ट्रिकांची यादी करताना हा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून येथे मांडला.

उपांत्य फेरी ४ डिसेंबरला झाली. समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा तोच देश. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा राहिला. ५२ व्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या अंतिम फेरीपासून भारत तेव्हा ३८ मिनिटांच्या अंतरावर होता. भारतीय फुटबॉल त्याहून जवळ कधीही गेलेला नाही. मात्र ही आघाडी दोनच मिनिटे टिकली. पापेच यांनी बरोबरी केली, लगेच टोडोर व्हेसेलिनोविच यांनी युगोस्लाव्हियाला पुढे नेले, ६५ व्या मिनिटाला पापेच यांनीच तिसरा गोल केला आणि अखेरच्या टप्प्यात सलाम यांच्या स्वयंगोलाने पराभव ४-१ असा झाला. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरविले. भारत चौथा आला. दुसऱ्या दिवशी लेव्ह याशिन यांच्या सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियाला १-० असे नमवून सुवर्णपदक जिंकले.

स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मान तिघांत विभागला गेला. युगोस्लाव्हियाचे व्हेसेलिनोविच, बल्गेरियाचे दिमितर मिलानोव्ह आणि भारताचे नेव्हिल डिसूझा, प्रत्येकी चार गोल. गंमत अशी की, तिघांनीही एका सामन्यात तीन आणि दुसऱ्या सामन्यात एक गोल केला होता. व्हेसेलिनोविच यांचे तीन गोल अमेरिकेविरुद्ध ९-१ अशा विजयात झाले आणि मिलानोव्ह यांचे तीन ब्रिटनविरुद्ध ६-१ अशा विजयात. पदक न मिळालेला संघ त्या यादीत एकच, तो म्हणजे आपला. ऑलिम्पिकनंतर १२ डिसेंबरला भारताने सिडनी येथे ऑस्ट्रेलियाशी आणखी एक सामना खेळला आणि तो ७-१ असा जिंकला. उपांत्यपूर्व फेरीतील निकाल हा अपघात असावा, अशी शंका कोणाला असलीच तर ती तेथे फिटली.

हे तिघे नंतर कोठे गेले, ते पाहण्यासारखे आहे. व्हेसेलिनोविच हे नोव्ही साद येथील व्होज्वोदिना क्लबचे. पुढे ते मोठे प्रशिक्षक झाले, तुर्कस्तानातील फेनरबाचे या क्लबला त्यांनी यश मिळवून दिले आणि युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघाचीही धुरा सांभाळली. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. मिलानोव्ह सोफिया येथील सैन्याच्या क्लबकडून खेळले. तो क्लब आता सीएसकेए सोफिया या नावाने ओळखला जातो. युगोस्लाव्हिया हा देश राहिला नाही, बल्गेरियातील राजवट कोसळली. पण व्होज्वोदिना आणि सीएसकेए अजूनही खेळतात आणि त्यांच्या इतिहासाच्या पानांवर ही नावे ठळक आहेत.

नेव्हिल मुंबईला परतले आणि पुन्हा कूपरेजवर खेळू लागले. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. एरवी बहुतेक वर्षी हैदराबाद किंवा कलकत्त्याला जाणारा हा चषक त्या वर्षी मुंबईतच राहिला. मुंबईच्या कंपनी फुटबॉलचा तो सर्वोच्च क्षण म्हणता येईल. १९६० मध्ये भारतीय संघ रोमला गेला, तेव्हा मेलबर्नच्या हॅट्ट्रिकवीराचे नाव संघात नव्हते. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९६२ मध्ये जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्या संघातही ते नव्हते. रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते आणि ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. नेव्हिल यांची आंतरराष्ट्रीय कीर्ती जवळजवळ सगळी त्या चार दिवसांतील दोन सामन्यांवर उभी आहे. १७ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी यांना अर्जुन आणि पद्मश्री हे सन्मान लाभले, पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मोठे युग गाजविले. कर्णधार बद्रू बॅनर्जी यांना मोहन बागानने २००९ मध्ये मोहन बागान रत्न हा किताब दिला. वयाची नव्वदी पार केल्यावर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा क्लबच्या पाठीराख्यांनी त्यांना आपला माणूस म्हणून निरोप दिला. कलकत्त्यात क्लब म्हणजे सभासद, तंबू, वार्षिक सभा, निवडणुकीतील भांडणे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडवैर. या साऱ्याचा वैताग येतो खरा, पण त्यामुळेच जुन्या खेळाडूचे नाव कोणीतरी राखून ठेवते. गोव्यातही खाणमालकांनी संघ उभे केले. साळगावकर क्लब तर मेलबर्नच्याच वर्षी, १९५६ मध्ये, स्थापन झाला. हे संघही उद्योगसमूहांचेच. परंतु लहान प्रदेश आणि गावागावांतले फुटबॉलप्रेम यामुळे ते लोकांचे झाले.

मुंबईच्या कंपनी संघांना असा सभासद कधी मिळाला नाही. कॅल्टेक्सचा चाहता म्हणजे कॅल्टेक्समधील कर्मचारी आणि त्याचे घर. कंपनीचे धोरण बदलले की संघ आटोपे. कॅल्टेक्सच्या बाबतीत तर कंपनीच उरली नाही. तेल उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणात १९७६ मध्ये तिचा भारतातील कारभार सरकारने ताब्यात घेतला आणि १९७८ मध्ये तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. चषक जिंकलेल्या संघाचा इतिहास जपण्याचे काम कोणाच्या टेबलावर यावे, हा प्रश्न विलीनीकरणाच्या कागदपत्रांत अर्थातच नव्हता. रोव्हर्स चषक २००० नंतर बंद पडला. एकशेदहा वर्षांची ही स्पर्धा बंद झाली त्याची खंत ज्येष्ठ प्रेक्षकांखेरीज फार कोणाला वाटल्याचे दिसले नाही.

त्यानंतरही हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडत राहिली. १९६२ मध्ये सुरू झालेला महिंद्रचा संघ पुढे महिंद्र युनायटेड या नावाने खेळला, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्याने जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने तो विसर्जित केला. एअर इंडियाचा संघ क्लब परवान्याच्या अटी पूर्ण करू शकला नाही, म्हणून २०१३ मध्ये आय-लीगमधून बाहेर गेला. कंपनीचा विभाग म्हणजे क्लब नव्हे, असाच त्या अटींचा अर्थ होता. २००७ मध्ये निघालेला मुंबई एफसी २०१७ नंतर दिसेनासा झाला. पुण्याचे दोन व्यावसायिक क्लबही असेच गेले. फुटबॉल क्लब काढण्यात महाराष्ट्र मागे नाही; तो टिकविण्यात मात्र आपली कामगिरी निराशाजनक आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आज मुंबईच्या नावाने देशाच्या सर्वोच्च स्तरावर मुंबई सिटी एफसी हा क्लब खेळतो. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर त्याचा जन्म झाला. आरंभी त्याचे सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत, नंतर अंधेरीच्या मैदानावर आले. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने त्यातील बहुसंख्य हिस्सा घेतला. २०२०-२१ मध्ये क्लबने साखळीतील अव्वल स्थानाची शिल्ड आणि विजेतेपद ही दोन्ही पटकावली, २०२२-२३ मध्ये पुन्हा शिल्ड जिंकली आणि ४ मे २०२४ रोजी कलकत्त्यात, मोहन बागानच्याच अंगणात, ३-१ अशा विजयाने दुसरे विजेतेपद मिळविले. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. कॅल्टेक्सच्या त्या चषकानंतर मुंबईच्या फुटबॉलला इतके सातत्याचे यश क्वचितच लाभले असेल.

तरीही २०२५-२६ च्या हंगामाने जुनीच भीती जागी केली. महासंघ आणि लीगच्या व्यापारी हक्कधारक कंपनीतील १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि नूतनीकरणाचा निर्णय वेळेत झाला नाही. एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी लीग लांबली. खेळाडू सरावाविना, क्लब उत्पन्नाविना आणि प्रेक्षक तारखांविना राहिले. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ भारतीय मालकांकडे आला. अखेर सामन्यांची संख्या घटवून फेब्रुवारी २०२६ मध्ये हंगामाला मुहूर्त मिळाला. परदेशी मालक गेला म्हणून क्लब बंद पडला नाही, ही जमेची बाजू. मात्र मालक बदलला की क्लबचे काय होणार, हा प्रश्न मुंबईत अजूनही विचारावा लागतो. १९५८ च्या आणि आजच्या परिस्थितीत त्या बाबतीत फारसे अंतर पडलेले नाही.

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या गावात वार्तांकन करताना फुटबॉलची बातमी क्वचितच हाती लागते. कबड्डी, कुस्ती आणि टेनिस चेंडूवरील क्रिकेट यांनीच क्रीडा वृत्ताचा रकाना भरतो. एप्रिल २०२४ मध्ये रहीम यांच्या जीवनावरील मैदान हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा परिसरातील अनेक तरुणांनी मेलबर्नच्या त्या सामन्याबद्दल प्रथमच ऐकले. पडद्यावर गोल करणारा तो डिसूझा खरा होता का, असे त्यांतील काहींनी प्रस्तुत प्रतिनिधीला विचारले. तो खरा होता, एवढेच नव्हे तर मुंबईत नोकरी करून खेळणारा होता, हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला तो क्लबचा. टाटा आणि कॅल्टेक्स ही उत्तरे ऐकून मुले गोंधळली. पेट्रोलच्या कंपनीचा फुटबॉल संघ ही कल्पनाच त्यांना नवीन होती.

मेलबर्नचे तारे आता एकेक करून निखळले आहेत. पी. के. बॅनर्जी २०२० मध्ये गेले, मुंबईचे गोलरक्षक नारायण २०२१ मध्ये, बद्रू बॅनर्जी २०२२ मध्ये आणि बलराम २०२३ मध्ये. नेव्हिल यांना जाऊन तर साडेचार दशके उलटली. कूपरेजवर आता कृत्रिम हिरवळ आली आहे. स्थानिक लीगचे सामने तेथे अजूनही होतात आणि कार्यक्रमपत्रिकेत बँका, रेल्वे व सरकारी कंपन्यांची नावे अधूनमधून दिसतात.